विहिरीत माणूस उतरवायचा असेल तर आधी काय, नंतर काय

चैत्र सरला की आमच्या विदर्भात विहिरींची कामं निघतात. तूर-हरभरा घरात आलेला असतो, पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात आणि पाणी तळाला गेलेलं असतं. गाळ काढायचा, फूटव्हॉल्व (पंपाच्या पाइपाच्या तळाची झडप) बदलायचा, आडवे बोर मारायचे, तर हीच वेळ. आणि याच दिवसांत कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून ती बातमी येते: एक जण उतरला, हाक दिली तर बोलला नाही, त्याला काढायला भाऊ उतरला, भावाला काढायला शेजारी.

मी बरीच वर्षं एका कारखान्यात सुरक्षेचं काम केलं. टाक्यांत, सायलोत माणूस उतरवण्याआधीचा परवाना माझ्या सहीने निघायचा. गावी परतल्यापासून पाहतो आहे की विहिरीत वायू असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. चुकतो तो कामाचा क्रम. माणूस आधी उतरतो, आणि तो खाली पडल्यावर वर दोराची शोधाशोध सुरू होते. प्राणवायू बंद झाला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. वावरातल्या विहिरीपर्यंत एवढ्या वेळात कोणतीही गाडी पोहोचत नाही. म्हणून त्याला वर काढायची सोय तो उतरण्याआधी उभी राहिली पाहिजे. खालचे सगळे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत. एकही वगळू नका, पुढेमागे करू नका.

टप्पा १: उतरायची गरज आहे का?

निम्म्या कामांना माणूस खाली जायची गरजच नसते. मोटार वर काढायची असेल तर विहिरीवर गर्डर टाकून चेन ब्लॉकने ओढता येते. बादली किंवा पाइप पडला असेल तर गळ आहे. गाळ पातळ असेल तर गाळ ओढणारा पंप चालतो, घट्ट असेल तर यारीला, म्हणजे गाळ वर ओढायच्या इंजिनाच्या यंत्राला, पंजा लावून बराचसा वर येतो. माणूस फक्त शेवटच्या कोपऱ्यांसाठी लागतो.

सगळ्यात जास्त संशय कोणत्या विहिरीचा घ्यायचा, तेही ठरवून ठेवा. अरुंद आणि खोल, वर स्लॅब किंवा झापड टाकून बंद केलेली, कडेच्या पिंपळा-उंबराचा पाला वर्षानुवर्षं पडून कुजलेली, दोन-तीन हंगाम उपसाच न झालेली. अशा विहिरीत पाला कुजताना प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेच्या दीडपट जड असल्याने तळाशी बसून राहतो. उन्हाळ्यात विहिरीतली हवा बाहेरच्यापेक्षा थंड असते, म्हणून ती आपणहून वर येत नाही. वळवाचं आभाळ भरून आलं की हवेचा दाब उतरतो, आणि कातळाच्या भेगांत अडकलेली खराब हवा विहिरीत उतरू शकते. त्यामुळे काल सकाळी एक जण सुखरूप उतरून आला, याला आज दुपारी काही अर्थ उरत नाही.

वीस-पंचवीस फूट रुंद, उघड्या विहिरीत धोका कमी असतो. कमी, म्हणजे शून्य नव्हे.

टप्पा २: आदल्या दिवशी माणसं आणि सामान

किमान पाच माणसं लागतात. एक उतरणारा. एक काठावरचा, ज्याचं काम फक्त उतरलेल्याकडे लक्ष ठेवायचं. तो दोर ओढणार नाही, चहा आणायला जाणार नाही, फोनवर बोलणार नाही. दोन जण दोरावर. पाचवा गाडी आणि फोन घेऊन तयार. वावरात नेटवर्क नसेल तर कोणत्या धुऱ्यावर रेंज येते ते आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

उतरणाऱ्याला विचारायच्या गोष्टी लाजेखातर टाळू नका: फिट येते का, दमा आहे का, ताप आहे का, सकाळपासून काही घेतलं आहे का, जेवण झालं का. सालदार मालकाला नाही म्हणत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मालकानेच त्याला नाही म्हणायची मोकळीक द्यायची, तीही चार लोकांसमोर.

सामानात हे हवं:

- चार वायूंचा मीटर. प्राणवायू, जळाऊ वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दाखवणारा. सोबत हवा ओढणारा पंप आणि विहिरीच्या तळापर्यंत पोहोचेल एवढी नळी.
- फुल बॉडी हार्नेस, म्हणजे खांदे आणि मांड्या धरणारे पट्टे. भारतीय मानक आयएस ३५२१ चा शिक्का असलेला, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये कडी असलेला.
- नायलॉनचा नवा दोर आणि हाताने फिरवायची, ब्रेक असलेली विंच.
- ब्लोअर आणि तळापर्यंत जाणारा कापडी नळ.
- हेल्मेट, शिट्टी, बॅटरीवरचा डोक्याचा दिवा.

मीटर आणि ब्लोअर एकट्याने विकत घेणं जड जातं. पण गावात पंचवीस विहिरींचा गाळ निघत असेल तर ग्रामपंचायतीने किंवा शेतकरी गटाने एक संच घ्यायला हरकत नाही. भाड्याने हवा असेल तर चंद्रपूर, बुटीबोरी, हिंगणा इथल्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या ठेकेदारांकडे विचारून पाहा.

कमरेला दोर बांधून उतरणं ही आपल्याकडची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जीवघेणी सवय. शुद्ध गेलेला माणूस कमरेवर दुमडतो, त्याचा श्वास कोंडतो, आणि दोर सैल असेल तर काखेतून वर सरकून माणूस खाली निसटतो. हार्नेसमध्ये तोच माणूस उभाच्या उभा वर येतो.

सावधान: यारीच्या गाळाच्या बकेटीत उभं राहून कोणीही उतरणार नाही. बकेट मालासाठी आहे. माणसाचा दोर वेगळा, त्याची कडी वेगळी.

टप्पा ३: दोर कशाला बांधायचा?

गटाराच्या मॅनहोलवर वापरतात ती लोखंडी तिपाई तीन-चार फुटांच्या तोंडासाठी असते. वीस फुटी विहिरीवर ती पसरत नाही, आणि ओढूनताणून पसरवली तर पाय सरकतात. आपल्याकडे विहिरीच्या तोंडावर लोखंडी गर्डर आडवा टाकावा लागतो. त्याची दोन्ही टोकं पक्क्या जमिनीवर किमान तीन-तीन फूट आत आली पाहिजेत. टोकांच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, म्हणजे तो लोळणार नाही. जुन्या दगडी कठड्यावर गर्डर टेकवू नका. मातीत रचलेल्या कठड्याचा दगड कधी निसटेल सांगता येत नाही.

मग वजनाची परीक्षा. सिमेंटच्या ५० किलोच्या चार गोण्या एकत्र बांधा, त्याच दोराला आणि त्याच कडीला लावा, विहिरीवर एक फूट उचला आणि दहा मिनिटं तशाच लटकत ठेवा. गर्डर वाकला, खुंटी हलली, ब्रेक घसरला, तर तो दिवस दुरुस्तीचा. नंतर एका माणसाला हार्नेस घालून जमिनीवरच तीन फूट उचलून पाहा. पट्टे कुठे काचतात, कडी पाठीवर नीट बसते का, हे तेव्हाच कळतं.

तपासा: दोन माणसं उतरणाऱ्याला त्याची मदत न घेता तळापासून वर आणू शकतात का? उत्तर हो येईपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा ४: लाईन तोडा, इंजिन दूर न्या

आपल्याकडे कृषिपंपांना ऑटो बसवलेला असतो. लाईन गेली की मोटार बंद, आली की आपोआप सुरू. शेतीची लाईन कधी रात्री, कधी दुपारी. खाली माणूस पाण्यात हात घालून फूटव्हॉल्व सोडवतो आहे आणि लाईन आली, तर काय होईल ते लिहायची गरज नाही. स्टार्टरचं लाल बटण दाबणं पुरेसं नाही. पेटीतले तिन्ही फ्यूज काढा आणि उतरणाऱ्याच्याच खिशात ठेवा. काढलेले फ्यूज त्याच्याकडे आहेत तोवर दुसरं कोणी मोटार सुरू करू शकत नाही. पेटीला कुलूप लावा. त्याच विहिरीवर भावकीतल्या दोघा-तिघांच्या मोटारी असतील तर सगळ्यांचे फ्यूज काढायचे, आणि त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं.

आता डिझेल इंजिन. विहिरीच्या आतल्या टप्प्यावर, म्हणजे कडेच्या ओट्यावर, इंजिन उतरवून उपसा करायची पद्धत अजून गेलेली नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला जो वास येतो तो डिझेलचा, त्या वायूचा नव्हे.

माझ्याच वावरातली गोष्ट आहे. बारा-पंधरा फुटांवरच्या टप्प्यावर इंजिन चालू होतं आणि सालदार खाली गाळ भरत होता. अर्ध्या तासात तो शिडीने वर आला, कठड्याला टेकला आणि म्हणाला, "भाऊ, मले गरगरून राहिलं, डोकं ठणकून राहिलं." मी त्याला ऊन लागलं असं समजून कांदा फोडून दिला, पाणी दिलं आणि सावलीत बसवलं. तो स्वतःच्या पायांनी वर आला म्हणून वाचला. आणखी दहा मिनिटं खाली राहिला असता तर त्याचे पाय उचलले नसते. कारखान्यात त्या वायूचं प्रशिक्षण मिळालं त्या दिवशी मला त्याचा पांढराफटक चेहरा आठवला. तेव्हापासून माझ्या विहिरीत इंजिन उतरलेलं नाही.

इंजिन, जनरेटर, ट्रॅक्टर आणि यारीचं इंजिनसुद्धा शक्य तितकं दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. एका काठीला कापडाची चिंधी बांधून रोवा. चिंधी ज्या दिशेला उडते, इंजिन त्या बाजूला. उपशासाठी विजेचा सबमर्सिबल वापरा, आणि उपसा पूर्ण होऊन फ्यूज निघाल्यावरच माणूस उतरवा.

सुरुंग उडवलेल्या विहिरीचंही असंच. धूर दिसेनासा झाला म्हणजे वायू गेला असं होत नाही. उतरण्याआधी ब्लोअर आणि मीटर लागणारच.

टप्पा ५: तोंड साफ करा

काठापासून चार फुटांपर्यंत एकही सुटा दगड, हत्यार, पाण्याची घागर नको. चाळीस फुटांवरून पडलेला मुठीएवढा दगड हेल्मेट फोडतो. काढलेल्या गाळाचा ढीग काठावर रचू नका. ओला गाळ कडेला ओढ देतो. विहिरीच्या आत कपारीत आग्या मोहोळ, साप आहे का ते वरून टॉर्चने पाहा. मोहोळ असेल तर काम पुढे ढकला. ते उठवण्यासाठी विहिरीत पेटता टेंभा सोडू नका. त्याचा धूर तळाशी बसतो, आणि जळाऊ वायू असेल तर भडका उडतो.

टप्पा ६: हवा मोजा

कंदिलाची परीक्षा आमच्या आजोबांपासून चालत आली आहे. दोराला कंदील बांधून सोडायचा, विझला तर उतरायचं नाही. कंदील विझला तर उतरायचं नाही, हा अर्धा भाग आजही खरा आहे. पण लोक त्याचा उलटा अर्थ घेतात: कंदील जळतो आहे, म्हणजे हवा चांगली.

मागच्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या विहिरीवर मी कंदील आणि मीटरची नळी एकाच दोराला बांधून सोडली. दहा फुटांवर प्राणवायू २०.९ टक्के. वीस फुटांवर २०.१. तीस फुटांवर १८.४, मीटर ओरडायला लागला. गाळाच्या वर हातभर राहिलं तेव्हा १७.२. कठड्यावरून चौघं जण वाकून पाहत होते. काचेमागे वात बारीक झाली होती, किंचित थरथरत होती, पण जळत होती. माझा पुतण्या म्हणाला, "काका, आम्ही तं उतरलोच असतो." साधारण १६ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत कंदील विझत नाही, आणि तोवर माणसाचा विचार आणि हातपाय दोन्ही सुस्तावलेले असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तर कंदिलाला कळतच नाहीत. आणि गाळातून मिथेन सुटत असेल तर पेटता कंदील ही काडीच.

मोजायची पद्धत अशी.

मीटर आधी मोकळ्या वावरात, इंजिनापासून दूर सुरू करा. तिथे प्राणवायू २०.९ आणि बाकी तिन्ही शून्य दिसले पाहिजेत. परीक्षेचा वायू देऊन तो ओरडतो की नाही ते पाहा. मीटरमधला सेन्सर दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो, आणि म्हातारा सेन्सर खराब हवेलाही चांगलं म्हणू शकतो. भाड्याचा मीटर घेताना शेवटचं कॅलिब्रेशन (आकडे बरोबर येतात का याची तपासणी) कधी झालं याची चिठ्ठी मागा. चिठ्ठी नसेल तर तो मीटर घेऊ नका.

नळी हळूहळू सोडा. दर चार फुटांवर दोन मिनिटं थांबा, कारण नळीतून हवा वर यायला आणि सेन्सरला ती कळायला वेळ लागतो. घाईत नळी सोडली तर मीटर दहा फुटांवरची हवा दाखवत असतो आणि तुम्ही ती तळाची समजता. दोन-तीन ठिकाणी सोडा. एका कडेला चांगली हवा आणि दुसऱ्या कपारीत खराब, असं होतं. आकडे याच क्रमाने वाचा:

१. प्राणवायू: १९.५ ते २३.५ टक्के ही सर्वसाधारण मर्यादा.
२. जळाऊ वायू: पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत. मीटरवर तो आकडा थेट टक्क्यांत येतो.
३. कार्बन मोनॉक्साइड: ३५ पीपीएमच्या आत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग.
४. हायड्रोजन सल्फाइड: १० पीपीएमच्या आत.

प्राणवायू आधी पाहायचा, कारण तो फार कमी असेल तर जळाऊ वायूचा सेन्सर चुकीचं वाचतो.

विहिरीसाठी मी १९.५ वर समाधान मानत नाही. चार वायूंच्या साध्या मीटरला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. त्याचा माग फक्त प्राणवायूच्या घटीवरून लागतो. दुसरा वायू मिसळल्यामुळे प्राणवायू २०.९ वरून एक टक्का उतरला असेल, तर त्या हवेत जवळजवळ पाच टक्के परका वायू घुसला आहे. तो कार्बन डायऑक्साइड असेल तर चार टक्क्यांनाच जिवाला धोका मानतात. म्हणजे मीटर १९.९ दाखवून गप्प बसेल आणि खाली माणूस धापा टाकत असेल. म्हणून २०.५ च्या खाली आकडा गेला की ब्लोअर लावायचा, उतरायचं नाही.

सावधान: एकदा मोजून झाल्यावर लांब बांबूने किंवा गळाने तळाचा गाळ ढवळा आणि पुन्हा मोजा. शांत गाळावर हायड्रोजन सल्फाइड शून्य दिसतो, आणि पहिलं फावडं पडताच गाळात अडकलेला वायू सुटतो. सडक्या अंड्यांचा वास येतो तोच हा. पण नाकावर विसंबू नका. साधारण १०० पीपीएमच्या पुढे तो वास यायचाच बंद होतो, आणि माणसाला वाटतं वायू गेला.

टप्पा ७: हवा घाला

ब्लोअरने ताजी हवा आत ढकलायची. कापडी नळाचं टोक गाळापासून दोन-तीन फुटांवर असलं पाहिजे. ब्लोअरचं तोंड वाऱ्याच्या वरच्या बाजूला, इंजिनापासून लांब. नाहीतर तुम्ही इंजिनाचाच धूर खाली भरता.

किती वेळ, याचा हिशेब सोपा आहे. वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल विहीर म्हणजे सुमारे १२,५०० घनफूट हवा. मिनिटाला १,५०० घनफूट ढकलणारा ब्लोअर असेल तर एकदा हवा पालटायला आठ-साडेआठ मिनिटं. मी सात वेळा पालटू देतो, म्हणजे तासभर. सहा फूट व्यासाच्या तेवढ्याच खोल आडात जेमतेम ११०० घनफूट हवा असते, तिथे काम लवकर होतं. पण वेळ संपली म्हणून उतरायचं नाही. पुन्हा मोजायचं. आकडे बसले तरच, आणि माणूस वर येईपर्यंत ब्लोअर बंद करायचा नाही.

लोक बाकी जे करतात त्याबद्दल थोडं सांगतो. कडुनिंबाचा डहाळा बांधून खालीवर करणं, वरून पाण्याच्या बादल्या ओतणं, यांनी हवा थोडी हलते. पण किती हलली ते मीटरशिवाय कळत नाही, आणि तळापर्यंत तिचा भरवसा नाही. घरचा कूलर आणून काठावर लावणं निरुपयोगी आहे. त्याची हवा पाच-सात फुटांच्या खाली जात नाही. पेट्रोलवरचा पाठीचा फवारणी ब्लोअर वापरू नका, त्याचा धूर त्याच हवेत मिसळतो. आणि वेल्डिंगवाल्याकडचं ऑक्सिजन सिलिंडर विहिरीत कधीच सोडू नका. प्राणवायू २३.५ च्या वर गेला की कपड्यावरची ठिणगीसुद्धा माणूस पेटवते.

टप्पा ८: उतरणं आणि खाली काम करणं

सकाळी लवकर. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात दहा वाजता ऊन अंगावर येतं, आणि उष्माघाताची चक्कर आणि वायूची चक्कर वरून सारखीच दिसते.

एका वेळी एकच माणूस. मीटर त्याच्या छातीला, गजर सुरू. हत्यारं वेगळ्या पिशवीतून, तो तळाला पोहोचून कडेला उभा राहिल्यावर. वायरचा बल्ब सोडू नका; १९४८ चा कारखाना कायदासुद्धा पुरेशा सुरक्षा सोयीशिवाय अशा जागी २४ व्होल्टच्या वर हातदिवा चालू देत नसे. बॅटरीचा दिवा पुरतो.

दोराच्या खुणा आधी जमिनीवर दोनदा घोकून घ्या: एक झटका, थांबा. दोन झटके, खाली सोडा. तीन झटके, वर घ्या. शिट्टीलाही तेच.

काठावरचा माणूस दर दोन मिनिटांनी नावाने हाक देईल. उत्तर आलं पाहिजे, नुसती मान हलली चालत नाही. एका हाकेला उत्तर नाही, दुसरी हाक लगेच. तिलाही नाही, तर तिसरी हाक द्यायची नाही, दोरावरच्या दोघांनी दोर ओढायचा. तो खाली घाम पुसत होता आणि आपण उगाच ओढला, असं झालं तर काही बिघडत नाही. त्याला रागावू द्या.

बोलताना जीभ जड येणं, उगाच हसणं, एकच गोष्ट पुन्हा सांगणं, चिडणं, "काई नाई होत, एक पाटी राहिली फक्त" असं हट्टाने म्हणणं, ही प्राणवायू उतरल्याची लक्षणं आहेत. खालच्या माणसाला स्वतःला ते कळत नाही. म्हणून वर यायचं की नाही हे तो ठरवत नाही, काठावरचा ठरवतो.

तळाला पोहोचल्यावर दोर सोडायचा नाही. ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. गाळ भरताना दोर पायात येतो, म्हणून कडी काढून ठेवतात. कडी काढली की वर उभे केलेले गर्डर, विंच, दोन माणसं, सगळं वाया. दोर पायात येत असेल तर काठावरून थोडा ताणून धरा.

गाळाची पाटी वर जात असताना तो तिच्या खाली उभा राहणार नाही. वीस मिनिटांनी वर, पाणी, सावली, मग दुसरा माणूस. आणि मीटर ओरडला तर न विचारता, हातातलं टाकून वर. गाळ तिथेच राहील.

टप्पा ९: तो पडला तर

ओढा. फक्त ओढा. दोराने बांधलेला माणूस दुसरं कोणी न उतरता वर येतो.

पाचवा माणूस त्याच क्षणी १०८ ला फोन लावेल, अग्निशमनासाठी १०१ किंवा ११२. सांगायचं असं: "विहिरीत वायूने माणूस बेशुद्ध, ऑक्सिजन लागेल", आणि वाट सांगायला एक जण रस्त्यावर उभा करायचा.

दुसरं कोणीही उतरणार नाही. बापही नाही, भाऊही नाही. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या निओश या संस्थेने १९८६ मध्ये लिहून ठेवलं आहे की बंदिस्त जागांतल्या मृत्यूंत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले होते. पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडावर घट्ट मुखवटा असलेला अग्निशमनचा जवानच उतरू शकतो. ओला दुपट्टा तोंडाला बांधून काही होत नाही. दुपट्टा धूळ अडवतो, नसलेला प्राणवायू आणत नाही. धुळीचा मास्क, फवारणीचा मास्क, यांचंही तेच. काठावर आईबाप, बायको उभी असेल तर एका माणसाने त्यांना धरून मागे न्यायचं, आणि ते काम कोणाचं, हे सकाळीच ठरलेलं असावं.

वर आल्यावर मोकळ्या हवेत पाठीवर झोपवा, कपडे सैल करा, दहा सेकंदांत श्वास पाहा. श्वास नसेल, नुसते आचके येत असतील, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटीमीटर खोल. दवाखान्याची गाडी येईपर्यंत, माणसं बदलत. श्वास द्यायचं शिक्षण असलेला कोणी असेल तर तीस दाबांनंतर दोन श्वास. सडक्या अंड्यांचा वास येत असेल तर तोंडाने श्वास देऊ नका, दाब सुरू ठेवा. शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्यायचाच. कार्बन मोनॉक्साइड रक्तात तासन्‌तास राहतो आणि त्यावर ऑक्सिजन हाच उपाय. डॉक्टरांना "चक्कर आली" सांगू नका, "विहिरीतला वायू" सांगा.

संडासाची टाकी आणि गोबरगॅस

संडासाच्या टाकीत उतरायचे टप्पे मी लिहीत नाही, कारण तिथे माणूस उतरवायचाच नाही. सुरक्षेची साधनं न देता टाकी-गटार साफ करायला माणूस लावणं हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याची जबाबदारी बोलावणाऱ्या घरमालकावरही येते. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूसाठी ३० लाखांची भरपाई सांगितली आहे. नगरपालिकेचं किंवा खासगी मैला ओढणारं टँकर बोलवा. गाळ घट्ट झाला असेल तर पाणी सोडून वरूनच ढवळा आणि पुन्हा ओढा. नव्या टाकीचं सेंट्रिंग काढायला उतरणंही तितकंच घातक आहे: बंद स्लॅबखाली ओलं लाकूड आणि साचलेलं पाणी प्राणवायू संपवतात. तिथे विहिरीचेच सगळे टप्पे लावा, मोजणीसकट.

गोबरगॅसच्या डोममध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो. तो हलका, वरच्या बाजूला साठतो, म्हणून तिथे मोजणी वरपासून. जवळ बिडी-काडी नको. दुरुस्ती असेल तर शेण पूर्ण काढून, झाकण उघडून, ब्लोअर लावून मगच, आणि शक्यतो प्लांट बसवणाऱ्या मिस्त्रीकडूनच.

टप्पा १०: काम संपल्यावर

काठावरचा माणूस वर आलेल्यांची मोजणी करेल. हत्यारं नंतर. खाली एखादं फावडं राहिलं असेल तर ते आणायला "एका मिनिटासाठी" कोणी बिनादोराचं उतरणार नाही. त्यासाठी पुन्हा हार्नेस, पुन्हा मीटर. ब्लोअर त्यानंतर बंद. मीटरवर दिसलेले आकडे, तारीख आणि वेळ वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्या विहिरीची चाल कळते. दोर धुऊन सावलीत वाळवा, उन्हात टाकला की नायलॉन कुजतो. तोंडावर जाळी किंवा झापड टाका, पोरंढोरं तिकडे फिरतात.

मग उतरलेला माणूस स्वतःच्या खिशातून फ्यूज काढेल आणि स्वतःच्या हाताने पेटीत बसवेल.